काला मोतिया म्हणजे काचबिंदू: गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवता येते

आपल्या घरांत डोळ्यांच्या दोन आजारांची नावं नेहमी एकमेकांत मिसळतात. उर्दूत सफेद मोतिया आणि काला मोतिया, मराठीत मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावं बहिणी-बहिणींसारखी वाटतात, म्हणून दादीला किंवा नानांना डॉक्टरांनी काला मोतिया सांगितला की घरातले निश्चिंत होतात. "मोतियाच आहे ना, पिकू द्या, मग ऑपरेशन करून टाकू, सगळं साफ दिसेल." ही समजूत फार महाग पडते.

मोतीबिंदूत डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं भिंग बसवलं की नजर बहुतेक वेळा परत येते. काचबिंदूत मात्र डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. ही नस एकदा सुकली की कोणताही थेंब, कोणताही लेझर, कोणतंही ऑपरेशन तिला पुन्हा जिवंत करू शकत नाही. जेवढी नजर गेली तेवढी गेली. इलाज असतो तो उरलेली नजर सांभाळण्यासाठी. मोतीबिंदूत काही महिने थांबलात तरी चालून जातं, काचबिंदूत थांबणं म्हणजे नजर घालवणं. या लेखात आम्ही हा आजार काय आहे, त्यावर काय इलाज आहेत आणि रोजा-नमाज सांभाळून ते कसे घ्यायचे, हे सांगणार आहोत.

डोळ्यात नेमकं काय होतं?

आपल्या डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं. हे अश्रू नव्हेत. हे आतलं पाणी आहे, ते बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपून रक्तात मिसळतं. जेवढं तयार होतं तेवढं बाहेर गेलं की डोळ्याचा दाब बरोबर राहतो. साधारणपणे हा दाब 10 ते 21 मिलिमीटर पारा एवढा धरला जातो.

आता मोरीचं उदाहरण घ्या. नळ चालू आहे आणि मोरीची जाळी तुंबली, तर पाणी साचणारच. डोळ्यातही तसंच. फरक एवढाच की डोळा बंद गोळा आहे, पाणी सांडायला जागा नाही, म्हणून आतला दाब वाढतो. त्या दाबाचा सगळ्यात जास्त त्रास मागच्या नसेला होतो. या नसेत सुमारे 10 ते 12 लाख तंतू असतात. ते एकेक करून मरत जातात.

जाळी हळूहळू निकामी होते तो खुल्या कोनाचा काचबिंदू. बुबुळ पुढे सरकून जाळीचं तोंडच बंद करतं तो बंद कोनाचा. आपल्या आशियाई लोकांत हा दुसरा प्रकारही बराच आढळतो. काही जणांचा दाब 21 च्या आत असूनही नस सुकते, म्हणून नुसता दाब मोजून "सगळं ठीक" असं म्हणता येत नाही.

कळत का नाही?

काचबिंदूत दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरची अक्षरंही नीट वाचता येतात. आधी जाते ती बाजूची नजर. तीही एका डोळ्याची गेली तर दुसरा डोळा भरून काढतो. माणूस चालताना दाराच्या चौकटीला धडकतो, पायरी चुकतो, रस्ता ओलांडताना बाजूची मोटारसायकल दिसत नाही, आणि घरचे म्हणतात, "वय झालं, लक्ष नसतं." शेवटी नळीतून पाहिल्यासारखं फक्त समोरचं दिसायला लागतं तेव्हा माणूस डॉक्टरकडे जातो. तोपर्यंत नसेचा मोठा भाग गेलेला असतो.

भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे 1 कोटी 12 लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज 2010 साली प्रसिद्ध झाला होता. दक्षिण भारतात गावोगावी झालेल्या पाहण्यांत ज्यांना काचबिंदू निघाला, त्यांच्यापैकी दहात नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नव्हतं.

कोणी तपासून घ्यावं?

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा तरी. त्यातही यांनी तर नक्कीच:

- ज्यांच्या आई, वडील, भाऊ किंवा बहिणीला काचबिंदू आहे. सख्ख्या भावंडांना धोका बराच जास्त असतो.
- ज्यांना मधुमेह आहे.
- ज्यांचा चष्म्याचा नंबर मोठा आहे, मायनस असो की प्लस.
- ज्यांना डोळ्याला चेंडू, फटाका, लाकडाची ढलपी असा मार लागला आहे, मग ती गोष्ट दहा वर्षांपूर्वीची का असेना.
- जे दमा, त्वचा, सांधे किंवा डोळ्याच्या आजारासाठी बरेच दिवस स्टिरॉइड घेत आहेत.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असं समजू नका. तिथे फक्त नंबर कळतो. काचबिंदूसाठी नेत्रतज्ज्ञ पाच-सहा गोष्टी पाहतात: डोळ्याचा दाब, बुबुळाची जाडी, पाणी निघण्याचा कोन, मागची नस, आणि बाजूची नजर. बाजूच्या नजरेची परीक्षा म्हणजे 'फील्ड'. एका यंत्रात डोकं टेकवून बसायचं आणि दिवा चमकला की बटण दाबायचं. नसेच्या थराची जाडी मोजायला ओसीटी नावाचा स्कॅन असतो. कशातही सुई नाही, दुखत नाही. जुने रिपोर्ट फेकू नका, एका फाइलमध्ये लावून ठेवा. आजार थांबला की पुढे सरकतोय हे जुन्या आणि नव्या रिपोर्टची तुलना केल्याशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

पहिला इलाज: थेंब

सगळा इलाज एकाच गोष्टीवर उभा आहे: दाब कमी करणं. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की दाब 1 मिलिमीटरने जरी कमी झाला, तरी आजार वाढण्याचा धोका सुमारे 10 टक्क्यांनी घटतो. म्हणजे थोडा फरकसुद्धा कामाचा आहे.

आज बहुतेकांना प्रथम लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट किंवा बायमॅटोप्रोस्ट या जातीचा थेंब देतात. तो बहुधा रात्री एकदाच टाकायचा असतो आणि दाब साधारण पाव ते एक तृतीयांश कमी करतो. त्याने डोळा थोडा लाल होतो, पापण्यांचे केस लांब होतात, पापणीची कातडी काळसर होऊ शकते. याला घाबरून थेंब बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

दुसरा जुना आणि स्वस्त थेंब टिमोलोल, 1978 पासून वापरात आहे. हा थेंब घेण्यापूर्वी दमा आहे का, हृदयाचे ठोके मंद आहेत का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोळ्यात टाकलेला थेंब नाकाच्या नळीतून रक्तात जातो आणि दम्याच्या रुग्णाचा श्वास अडकू शकतो. "डोळ्याच्या औषधाचा छातीशी काय संबंध" असं म्हणून ही गोष्ट लपवू नका. याशिवाय ब्रिमोनिडिन, डोरझोलामाइड, ब्रिंझोलामाइड असे थेंब आहेत, ते एकटे किंवा जोडीने देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही आधी सांगायचं. दाब फार चढला असेल तर काही दिवस ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या देतात. त्यांनी बोटांना मुंग्या येतात आणि लघवी जास्त होते.

थेंब टाकण्याची पद्धत साधी आहे, पण ती नीट कोणी शिकवत नाही:

- हात धुवा. मान मागे करा, खालची पापणी बोटाने ओढून खळगा करा, त्यात एकच थेंब टाका. दोन-तीन टाकले तर जास्तीचे गालावर ओघळतात, बाटली लवकर संपते.
- बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला लागू देऊ नका.
- डोळा हलकेच मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. औषध डोळ्यातच राहतं, नाकात-घशात कमी उतरतं.
- दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.
- उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात बदला. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या थेंबांनी दिसण्यात काहीच फरक पडत नाही. महिनाभर टाकले तरी अक्षर जास्त साफ दिसत नाही. मग लोक म्हणतात, "फायदा तर काही नाही, उगाच पैसे जातात," आणि बंद करतात. फायदा हाच आहे की आहे ती नजर जागेवर राहिली. ब्लडप्रेशरच्या गोळीसारखं हे औषध आहे, बरं वाटतं म्हणून घ्यायचं नसतं, बिघडू नये म्हणून घ्यायचं असतं.

रोजा, नमाज आणि डोळ्याचं औषध

रमजान आला की कित्येक रुग्ण महिनाभर थेंब सोडून देतात. रोजा तुटेल ही भीती असते. हनफी आणि शाफई, दोन्ही मजहबांत डोळ्यात थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही असंच मत आहे. आपल्या महाराष्ट्रात कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आणि बाकी भागांतले बहुतेक हनफी, म्हणजे आपल्यातल्या बहुसंख्य लोकांना हे लागू होतं. जिद्द्यातल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेही 1997 च्या बैठकीत हेच ठरवलं. घशात उतरलेलं औषध गिळू नये, एवढी अट त्यात आहे. वर सांगितलेली कोपरा दाबायची पद्धत इथेही उपयोगी पडते, कारण घशात चव येणंच कमी होतं.

तरीही कोणाच्या मनाला खटकत असेल, तर डॉक्टरांना विचारून वेळ बसवून घ्या. रात्री एकदाचा थेंब इशा किंवा तरावीहनंतर टाकता येतो. दोन वेळचा असेल तर सहरीला आणि इफ्तारनंतर. पण महिनाभर बंद, हा पर्याय नाही. गोळी मात्र पोटात जाते, तिने रोजा तुटतो, म्हणून तिची वेळ डॉक्टरांकडून सहरी-इफ्तारला ठरवून घ्यावी. गोळ्या दिवसा घ्याव्याच लागत असतील तर आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा नाही. इफ्तारला एका दमात लिटरभर पाणी पिऊ नका. एकदम जास्त पाणी प्यायल्याने डोळ्याचा दाब काही वेळ वाढतो. थोडं थोडं, घोट घोट प्या.

नमाजबद्दलही विचारलं जातं. सजद्यात डोकं खाली गेलं की दाब थोडा वाढतो आणि उठल्यावर उतरतो. साध्या थेंबांवर असलेल्या रुग्णाला डॉक्टर सहसा यासाठी नमाजची पद्धत बदलायला सांगत नाहीत. शीर्षासनासारखं उलटं उभं राहणं मात्र टाळायलाच हवं, त्यात दाब जवळजवळ दुप्पट होतो. ऑपरेशननंतर वाकायचं नाही असं डॉक्टर सांगतात. त्या दिवसांत खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढता येते. वुजू करताना डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. अशा वेळी मसह किंवा तयम्मुमची सवलत असते, ती कशी घ्यायची हे आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्या. शंका मनात ठेवून औषध बुडवण्यापेक्षा विचारलेलं बरं.

लेझर

लेझर म्हणजे मोठं ऑपरेशन नाही. थेंबाने डोळा बधिर करतात, खुर्चीवर बसवूनच काम होतं, बहुधा त्याच दिवशी घरी.

बंद कोनाच्या काचबिंदूत लेझरने बुबुळाच्या कडेला एक अगदी बारीक छिद्र पाडतात, त्यामुळे पाण्याला दुसरी वाट मिळते. ज्यांचा कोन अरुंद आहे त्यांना पुढे होणारा अचानक झटका टाळण्यासाठीही हे करतात.

खुल्या कोनाच्या काचबिंदूत एसएलटी नावाचं लेझर असतं. ते जाळीवर हलकेच मारतात, जाळीतून पाणी पुन्हा बरं झिरपायला लागतं. ब्रिटनमध्ये 718 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीलाच हे लेझर दिलं, त्यांच्यापैकी सुमारे 74 टक्के लोकांचा दाब तीन वर्षांनीही थेंबाशिवाय ताब्यात होता. त्यामुळे आता डॉक्टर काही रुग्णांना आधी लेझरच सुचवतात. ज्यांना रोज थेंब जमत नाही किंवा दर महिन्याचा खर्च झेपत नाही, त्यांनी याबद्दल जरूर विचारावं. मात्र याचा परिणाम कायमचा नसतो. काही वर्षांनी पुन्हा करावं लागू शकतं, आणि तपासणी सुटत नाही.

ऑपरेशन कधी?

थेंब आणि लेझर मिळूनही दाब खाली येत नसेल, किंवा नस वेगाने सुकत असेल, तर ऑपरेशन करतात. सगळ्यात जास्त होणारं ऑपरेशन ट्रॅबेक्युलेक्टॉमी. 1968 पासून त्याची आजची पद्धत रूढ आहे. यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात, वरच्या पापणीखाली, एक झडपेसारखी छोटी वाट करतात. आतलं पाणी त्या वाटेने पातळ पडद्याखाली येतं आणि शोषलं जातं. तिथे एक छोटा फुगा दिसतो. ही वाट बुजून जाऊ नये म्हणून मिटोमायसिन नावाचं औषध लावतात.

हे ऑपरेशन झालं की काम संपलं असं नाही. पहिले काही आठवडे वारंवार दाखवायला जावं लागतं, कारण वाट फार उघडी राहिली तर दाब अति कमी होतो आणि बुजली तर पुन्हा वाढतो. पुढे कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, त्या डोळ्याला लाली, चिकट घाण, दुखणं असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्या फुग्यातून जंतू आत गेले तर डोळा जाऊ शकतो.

जिथे ही वाट टिकत नाही तिथे छोटी नळी बसवतात. यात अहमद व्हॉल्व्हचं नाव जगभर घेतलं जातं. ए. मतीन अहमद या संशोधकाच्या नावावरून हे नाव पडलं, आणि 1993 पासून ती वापरात आहे. तिच्यात झडप असल्यामुळे पाणी एकदम वाहून जात नाही. आपल्या देशात मदुराईच्या ऑरोलॅबने आडी नावाची कमी किमतीची नळी तयार केली आहे, त्यामुळे हे ऑपरेशन गरीब रुग्णांच्याही आवाक्यात येऊ लागलं. ज्या डोळ्यात नजर फारशी उरली नाही पण दाबाने दुखतं, तिथे पाणी तयार करणाऱ्या भागावरच लेझर मारून पाणी कमी करतात. काही जणांना मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही असतात. दोन्हीचं ऑपरेशन एकत्र करता येतं. बंद कोनाच्या रुग्णात नुसता मोतीबिंदू काढल्यानेही कोन मोकळा होऊन दाब उतरतो.

ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना सरळ विचारा: "यानंतर मला जास्त दिसेल का?" उत्तर बहुधा "नाही, आहे ते टिकावं म्हणून करतोय" असं असेल. हे आधी कळलं तर नंतर "ऑपरेशन बिघडलं" असा गैरसमज होत नाही.

ही वेळ थांबण्याची नाही

बंद कोनाच्या काचबिंदूचा अचानक झटका येतो तेव्हा मात्र सगळं उलट असतं. एका डोळ्यात आणि त्या बाजूच्या डोक्यात भयंकर दुखतं, डोळा लालभडक होतो, धुरकट दिसतं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, मळमळ आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे घरचे ॲसिडिटी समजतात, डोकेदुखीमुळे मायग्रेन समजतात, आणि रात्र गोळीवर काढतात. दाब इतका चढलेला असतो की काही तासांत नजर कायमची जाऊ शकते. डोकं दुखतंय, उलटी होतेय आणि एक डोळा लाल आहे, हे तिन्ही एकत्र दिसलं की रात्र असो की ईदचा दिवस, डोळ्यांच्या डॉक्टरकडे किंवा मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. तिथे सलाइन, गोळ्या आणि थेंबांनी दाब उतरवून मग लेझर करतात. दुसऱ्या डोळ्यालाही लेझर करून घ्यावं लागतं, कारण पुढचा झटका त्याला येऊ शकतो.

लहान मुलांनाही होतो

बाळाचे डोळे जन्मापासून खूप मोठे असतील तर घरात कौतुक होतं, "माशाअल्लाह, हरणासारखे डोळे." पण त्यासोबत डोळ्यातून सतत पाणी येत असेल, बाळ उजेडात डोळे घट्ट मिटत असेल, बुबुळ निळसर-धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. बाळाचा डोळा नरम असतो, दाबाने तो ताणून मोठा होतो. इथे थेंब तात्पुरते, खरा इलाज लवकरात लवकर ऑपरेशन. वेळेत झालं तर अशी मुलं नीट पाहतात, शाळेत शिकतात.

हा आजार जवळच्या नात्यातली लग्नं जास्त असलेल्या समाजांत अधिक दिसतो. पाश्चात्त्य देशांत सुमारे 10,000 बाळांमागे एकाला, तर सौदी अरेबियात सुमारे 2,500 बाळांमागे एकाला तो आढळल्याची नोंद आहे. चुलत-मावस भावंडांत लग्न शरीअतने मना केलेलं नाही, आणि आम्ही कोणाला बोल लावत नाही. पण ज्या खानदानात एका बाळाला हा आजार झाला, तिथे पुढचं नातं जोडताना डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि पुढच्या प्रत्येक बाळाचे डोळे पहिल्याच महिन्यात दाखवावेत.

मेडिकलमधले थेंब आणि सुरमा

शाळेत आम्हाला उन्हाळ्यात डोळे चोळणारी, लाल डोळ्यांची मुलं दिसतातच. ॲलर्जी असते. घरचे मेडिकलमधून एक बाटली आणतात, दोन दिवसांत खाज थांबते, आणि मग दर वेळी तीच बाटली. त्यात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते चांगलं औषध आहे, पण महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने टाकलं तर काही मुलांचा डोळ्याचा दाब गुपचूप वाढतो आणि काचबिंदू होतो. बाटलीवरची नावं वाचा, आणि डोळ्याची जुनी चिठ्ठी दाखवून तेच औषध पुन्हा पुन्हा घेऊ नका.

सुरम्याचंही बोललं पाहिजे. सुरमा लावणं आपल्याकडे सुन्नत म्हणून चालत आलं आहे. पण बाजारात सुरमा म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांत शिसं असतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं घातक आहे. सुरम्याने, मधाने किंवा गुलाबपाण्याने काचबिंदू बरा होत नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात तर यातलं काहीही घालू नये.

मोतीबिंदू आणि शुगरचे डोळे

काला मोतिया वेगळा ओळखायचा तर बाकीचे दोन मोठे आजारही थोडक्यात माहीत हवेत.

मोतीबिंदूला औषध नाही, थेंबाने तो विरघळत नाही. इलाज ऑपरेशन हाच. हजार वर्षांपूर्वी मोसूलचे अम्मार बिन अली यांनी पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची पद्धत लिहून ठेवली होती. आज गढूळ भिंग बारीक छेदातून काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. आता "पिकण्याची" वाट पाहायची गरज नाही. रोजच्या कामाला, वाचायला अडचण होऊ लागली की करून घ्यावं. फार पिकू दिला तर मोतीबिंदूमुळेही दाब चढून काचबिंदू होऊ शकतो.

मधुमेहात डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या खराब होतात. यातही सुरुवातीला काही कळत नाही. शुगर निघाल्यापासून दर वर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा. बिघाड असेल तर लेझर, डोळ्यात इंजेक्शन किंवा पडद्याचं ऑपरेशन करतात. दुर्लक्ष केलं तर पडद्यावर आणि बुबुळावर नकोशा रक्तवाहिन्या उगवतात आणि अतिशय हट्टी काचबिंदू होतो. शुगर असलेल्या बहिणींनी गरोदरपणातही सुरुवातीलाच पडदा दाखवून घ्यावा.

खर्च आणि पुढची पावलं

थेंब आयुष्यभराचे, म्हणून खर्चाचा प्रश्न खरा आहे. डॉक्टरांना सरळ सांगा की झेपेल असं औषध लिहा. जेनेरिक थेंब चालतील का, जन औषधी केंद्रात मिळतील का, ते विचारा. मुंबईचं जे. जे., पुण्याचं ससून अशा सरकारी रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत डोळ्यांचा विभाग आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड, आधार दाखवून विचारा. मोतीबिंदूच्या मोफत शिबिरात गेलात तर "दाब आणि नसही बघा" असं आपणहून सांगा.

घरात एखाद्याला काचबिंदू आहे तर तीन गोष्टी करा. त्यांच्या सगळ्या भावंडांना आणि चाळिशीच्या पुढच्या मुलांना तपासायला पाठवा. थेंब टाकायची जबाबदारी घरातल्या एका जाणत्या मुलावर किंवा मुलीवर द्या, कारण थरथरत्या हातांनी अब्बा-अम्मींना स्वतःचा थेंब नीट टाकता येत नाही. आणि पुढच्या तपासणीची तारीख मशिदीच्या नमाजच्या वेळापत्रकाशेजारी, भिंतीवर सगळ्यांना दिसेल अशी लावा.

मार्च महिन्यात जगभर काचबिंदू सप्ताह पाळतात. आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीत, शाळेत, महिलांच्या इज्तेमात त्या आठवड्यात एका नेत्रतज्ज्ञाला बोलावून चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी करता येईल. जागा आपली आहे, माणसंही आपलीच आहेत. फक्त कोणीतरी पुढे होऊन तारीख ठरवायची आहे.